सेट घ्या, पण दांडा मोजून

नवशिक्याने राऊटरसोबत (लाकडात चर पाडायचं, कडा घडवायचं मशीन) आधी १२-१५ बिटांचा, म्हणजे त्यात बसवायच्या कापणाऱ्या पात्यांचा, सेट घ्यावा, हे लेखातलं म्हणणं मला अर्धंच पटलं. मीही तसाच स्वस्तातला सेट घेतला होता. सहा वर्षं झाली, त्यातल्या कोव्ह (अर्धगोल खाच पाडणारा) आणि व्ही (व्ही आकाराची खाच पाडणारा) बिटांवरचं मेणसुद्धा निघालेलं नाही. झिजले ते सरळ बिट आणि बेअरिंगवाला फ्लश ट्रिम. सनमायका प्लायला लावून त्याची कड एकसारखी करायला रोज तोच लागतो, आणि प्लायमधला गोंद धार फार लवकर खातो. सागवानावर करपल्यासारखे काळे डाग उठायला लागले की समजायचं, बिट बोथट झाला. म्हणून हे दोन आणि कड गोल करणारा एक, एवढे तरी चांगल्या कार्बाइडच्या कठीण धारेचे सुटे घ्या.

आणि कळकळीने सांगतो, बिटाचा दांडा, म्हणजे मशीनमध्ये आवळला जातो तो भाग, मोजा! पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. ६ मिमी दांड्याचा बिट पाव इंची कोलेटमध्ये (बिट धरणाऱ्या पकडीत) बसल्यासारखा वाटतो, पण पक्का आवळला जात नाही. माझा चालू मशीनमध्ये सरकला आणि सागवानी फळीत हवा त्याच्या दुप्पट खोल चर पडला. हात वाचला, हे नशीब. आता पुण्यात बोहरी आळीत हार्डवेअरच्या बाजारात जाताना जाडी मोजायचा व्हर्नियर खिशातच असतो.