‘मूठभरांसाठी एवढा खर्च?’ हा हिशेबच चुकीचा आहे

एक मजकूर खूप फिरतोय: ‘अपंग माणसं मुळात किती? मूठभरांसाठी सगळ्यांचा पैसा का घालवायचा? दाराशी एक रॅम्प केला की झालं. बाकीच्या सोयींनी इमारतीची शोभा जाते.’

आधी ‘मूठभर’. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे १३० कोटी लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, म्हणजे साधारण सहा माणसांत एक. ती आपल्याला इमारतीत दिसत नाहीत, कारण पहिल्या पायरीवरूनच त्यांना परत फिरावं लागतं. पाय प्लास्टरमध्ये असलेले, बाळाची गाडी ढकलणारे, गुडघे धरलेले आजी-आजोबा तर वेगळेच.

खर्चाचं म्हणाल, तर व्हीलचेअर आत जावी म्हणून दार ९० सेंटीमीटर रुंद करायला नकाशावर एक रेघ सरकवावी लागते. बांधून झाल्यावर मात्र भिंत फोडा, लिंटेल (दारावरची आडवी तुळई) बदला, फरशी उखडा. महाग पडतं ते हे.

‘एक रॅम्प केला की झालं’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. गणित करून बघा. १५ सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटीमीटर उंची. १:१२ चा उतार, म्हणजे दर एक सेंटीमीटर उंचीला बारा सेंटीमीटर लांबी, ठेवायचा तर रॅम्प ५ मीटर ४० सेंटीमीटर लांब हवा. प्रत्यक्षात पायऱ्यांवरच मीटरभराची घसरगुंडी ओततात, आणि व्हीलचेअर चढताना मागे कलंडते. बरं, आत पोचल्यावर? टॉयलेट अरुंद आणि दार आत उघडणारं असेल, तर खुर्ची आत घेतल्यावर ते लावताच येत नाही. आत कोणी पडलं तर त्याच्याच अंगाला दार अडतं आणि मदतीला आलेला माणूस बाहेरच राहतो.

शिवाय ज्याला दिसत नाही त्याला रॅम्पने वाट कशी कळणार? त्याच्यासाठी पायाला जाणवणाऱ्या फरश्या असतात: लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, गोल उंचवटे म्हणजे थांब, सावध हो. जपानच्या सेइइची मियाके यांनी त्या १९६५ साली तयार केल्या. १९६७ मध्ये ओकायामात त्या पहिल्यांदा रस्त्यावर बसल्या. अशा फरश्यांची रांग थेट खांबावर नेऊन सोडणाऱ्याने डोळे मिटून तिच्यावरून दहा पावलं तरी चालून बघावं.

राहिली शोभा. ‘युनिव्हर्सल डिझाइन’ ही कल्पना रुजवणारे वास्तुविशारद रोनाल्ड मेस स्वतः व्हीलचेअर वापरत. सगळ्यांना वापरता येईल अशी रचना मुळातच करा, हे त्यांचं म्हणणं. मुख्य दार जमिनीलगत ठेवलं तर रॅम्पच लागत नाही. शोभा बिघडवतो तो मागाहून जोडलेला लोखंडी उतार. आणि ज्याला माल उतरवायच्या मागच्या दाराने आत घेतात, त्याच्यापुढे शोभेची गोष्ट कोणत्या तोंडाने काढायची?