ईश्वरसाक्ष की गांभीर्यपूर्वक?

शपथविधी टीव्हीवर लागला की मी एका जागी कान टवकारते. नाव घेऊन झालं, आता पुढे 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो की' येणार, की 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की'? संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत दोन्हीची मुभा आहे.

परवा घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काकांनी लिहिलं, सेक्युलर म्हणजे देव न मानणारे. मनाला लागलं, म्हणून हे लिहितेय.

१८४२ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज जेकब होलिओक या तरुण व्याख्यात्याला भाषणातल्या देवनिंदेबद्दल सहा महिने तुरुंगात टाकलं. तो आत असतानाच त्याची लहानगी मुलगी गेली. याच माणसाने १८५१ मध्ये 'सेक्युलॅरिझम' हा शब्द रूढ केला. त्याला नास्तिकांचा कंपू जमवायचा नव्हता. देव आहे की नाही हा वाद बाजूला ठेवून माणसांचं इथलं जगणं सुधारू, आस्तिकांनीही यावं, असं त्याचं म्हणणं. आपला जुना 'इहवाद' हा शब्द मला म्हणूनच 'निधर्मी'पेक्षा कितीतरी नेमका वाटतो.

त्याच चळवळीतला चार्ल्स ब्रॅडलॉ मात्र पक्का नास्तिक. १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनमधून खासदार झाला. देवाच्या नावाने शपथ घेण्याऐवजी नुसतं प्रतिज्ञापूर्वक सांगतो म्हणाला, तर सभागृहाने ते नाकारलं. मग शपथ घेतो म्हणाला, तर नास्तिकाची शपथ कसली, म्हणून तीही घेऊ देईनात. एकदा तर उचलून बाहेर काढलं. मतदार त्यालाच पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले! १८८६ मध्ये जागा मिळाली आणि १८८८ मध्ये देवाचं नाव न घेता प्रतिज्ञा करण्याचा हक्क देणारा कायदा त्याने करून घेतला. पुढच्याच वर्षी तो मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला होता. १८९१ मध्ये तो वारला, तेव्हा लंडनमध्ये शिकणारे गांधीजी अंत्ययात्रेला गेले होते.

'सेक्युलर हा शब्द संविधानात १९७६ मध्ये घुसडला' असंही काका म्हणतात. उद्देशिकेत तो ४२व्या घटनादुरुस्तीने आला, हे खरंच. पण कुणालाही आपला धर्म पाळता यावा, एखाद्या धर्माच्या वाढीसाठी सक्तीने कर घेऊ नये, संपूर्ण सरकारी पैशावरच्या शाळेत धार्मिक शिक्षण नको, हे १९५० पासूनच अनुच्छेद २५ ते २८ मध्ये आहे. माझी आई रोज देवपूजा करते, मी करत नाही. उद्या आम्ही दोघी निवडून आलो, तर ती पहिलं वाक्य म्हणेल, मी दुसरं, आणि बाकं शेजारी असतील.

काकांना हे ग्रुपवर नाही, रविवारी घरी जाऊन सांगणार आहे.