जर्मन, पण समजेल असं

ऑडिओ मालिकेतल्या एका जर्मन प्राध्यापकासाठी आवाज हवा होता. ऑडिशनच्या सूचनांत लिहिलं होतं : 'उच्चार अस्सल जर्मन हवेत, पण शब्दन् शब्द कळला पाहिजे. पात्र विनोदी नाही, तरी ऐकणाऱ्याला हसू यावं.' हे लिहिणाऱ्याला एकदा प्रत्यक्ष पाहायची माझी फार इच्छा आहे. प्राध्यापकमहाशय बोलणार होते मराठीत. म्हणजे मराठीत जर्मन कालवायचं, तेही बेतानं.

मी अभ्यासाला लागलो. जर्मन जिभेला ट-ठ-ड-ढ जमत नाहीत, ळ तर नाहीच नाही. शब्दाच्या शेवटी ग आला की त्याचा क होतो, दचा त होतो. सुरुवातीचा स 'झोप'मधल्या झकडे झुकतो. माझ्या वाट्याला आलेलं वाक्य होतं, 'सगळं जग बरबाद होईल, बाळ!' नियमानं ते झालं, 'झगलं जक बर्बात होईल, बाल!' जगबुडीचा इशारा देणारा शास्त्रज्ञ नाक चोंदलेल्या माणसासारखा वाटायला लागला.

शिवाय शब्दाच्या आरंभीचे प, त, क हे लोक हवा सोडून म्हणतात. 'पाणी' म्हटलं की 'फानी'. आणि माइकला नेमका तोच फुत्कार सोसत नाही. मी कपाटात शिरून, लटकत्या कोटांच्या आडोशाला रेकॉर्डिंग करत होतो. कोट प्रतिध्वनी छान गिळतात, पण प गिळत नाहीत. उच्चार जितका अस्सल, तितका कानात धप्प. फुत्कार अडवायला माइकपुढे लावतात त्या जाळीनं, पॉप फिल्टरनंही, हात टेकले.

खरी परीक्षा होती रची. तो पडजिभेपाशी घोळवायचा. त्यासाठी आधी पाण्यानं गुळण्या करायच्या, मग पाण्याशिवाय. कपाटाबाहेरून आईनं विचारलं, "अरे, बरा आहेस ना?" मी आतून म्हणालो, "जर्मन आहे!" ती काही न बोलता निघून गेली.

शेवटी ओळखीच्या एका जर्मन गृहस्थांना फोन केला. ते निघाले दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाचे. तिकडचे बरेच लोक र चक्क जिभेच्या टोकानं म्हणतात, आपल्यासारखाच! पुढे वाचलं, की 1898 साली थिओडोर झीब्स यांनी जर्मन रंगभूमीसाठी उच्चारांचे नियम प्रसिद्ध केले, त्यांतही र जिभेच्या टोकाचाच. म्हणजे जन्मापासून फुकट वापरत आलेला माझा र थेट जर्मन रंगभूमीचा! गुळण्या बंद केल्या आणि ताठ मानेनं टेक पाठवला.

उत्तर आलं : "छान आहे, पण र फार मराठी वाटतोय."

आता झीब्सना कुठे मध्ये घालणार? अर्नोल्ड श्वार्झनेगरची तर मातृभाषाच जर्मन, ऑस्ट्रियातली. तरी त्याच्या बहुतेक चित्रपटांच्या जर्मन आवृत्त्यांत आवाज ऐकू येतो तो थॉमस डानेबर्ग या डबिंग कलावंतांचा, आणि स्टॅलोनसाठीही बहुतेक वेळा तेच बोलले आहेत. तिथे माझी काय कथा!

मग मी अभ्यास कपाटातच ठेवला आणि दर तिसऱ्या शब्दावर ओरडत, दात ओठ खात एक टेक दिला. व्याकरणही मोडलं. जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत, त्यामुळे त्या माणसानं 'माझा प्रयोगशाळा' का म्हणावं हे मला आजही कळलेलं नाही. दिग्दर्शक खूश! "हां, आता कसं जर्मन वाटतंय!" तोच टेक बव्हेरियाच्या गृहस्थांना ऐकवला. ते आदबीनं म्हणाले, "हे गृहस्थ कोणत्या देशाचे?"

निवड मात्र झाली. पहिल्याच भागात प्राध्यापकांच्या तरुणपणीचा प्रसंग आहे, घरी आईशी बोलतानाचा. मी भीत भीत विचारलं, "इथे ते जर्मनच बोलताहेत ना? मग स्वतःच्या भाषेत त्यांचे उच्चार कशाला अडखळतील?"

दिग्दर्शक बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे तुमचा. आईचा आवाजही तुम्हीच करून बघता का? फक्त तिचं जर्मन आणखी कडक लागेल."