‘मांजराला जागा लागतेच किती?’: एका फॉरवर्डची झाडाझडती

महिनाभर प्राणिमित्रांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो पाच जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी ‘पटलं बुवा’ असं वर लिहून. त्याचं सार असं: मांजर दिवसाचे सोळा तास झोपतं, त्याला दोन बाय दोनचा स्टीलचा पिंजरा पुरे. आत खोकी-फडकी ठेवली की रोगराई पसरते, आणि लपून बसलेलं मांजर कुणी दत्तक नेत नाही. पिंजरे नकोसे वाटत असतील तर सगळ्यांना एका खोलीत सोडा, सोबतीने राहतात. शेवटचा घाव असा, की मोठे पिंजरे ही श्रीमंत संस्थांची चैन आहे. दोन पिंजऱ्यांचा एक करणारा माणूस एका मांजराला रस्त्यावर मरायला सोडतो.

मी दर रविवारी सकाळी एका शेल्टरमध्ये मांजरांच्या खोलीची साफसफाई करते. म्हणजे यातल्या प्रत्येक वाक्यात मी हात घालून पाहिला आहे, तेही खराटा आणि बादली घेऊन.

“मांजर सोळा तास झोपतं, जागा कशाला?”

झोपतं, मान्य. माणूसही आठ तास झोपतो, म्हणून कुणी त्याला पलंगाएवढी खोली देत नाही. (मुंबईची गोष्ट वेगळी.) दोन बाय दोन म्हणजे चार चौरस फूट. त्यात लिटर ट्रे, म्हणजे शी-शूसाठी खडे घातलेला ट्रे, ठेवला की दीड फूट गेलं. पाण्याचं भांडं, खाण्याचं भांडं. उरलं ते अंगाचं मुटकुळं करण्यापुरतं, आणि तेही संडासाला खेटून. स्वतःची घाण मातीने झाकणाऱ्या प्राण्याला आपण तिच्याशेजारी जेवायला बसवतो. अमेरिकेतल्या शेल्टर-पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१० साली मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत खाणं, झोपणं आणि ट्रे यांत निदान दोन फुटांचं अंतर हवं असं म्हटलंय. दोन फुटी पिंजऱ्यात ते कसं बसवायचं, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने मला येऊन दाखवावं.

आणि ‘झोपलंय’ हे ठरवलं कुणी? आमच्याकडे एक करडी भाटी आली होती, पार्किंगमधून उचललेली. पहिले चार दिवस ती ट्रेमध्येच बसून होती. अक्षरशः त्या खड्यांत, पाय अंगाखाली घट्ट दाबून, डोळे मिटून. येणारे-जाणारे म्हणायचे, किती शांत आहे. खाणं जसंच्या तसं. ट्रेच्या कडा चार बोटं उंच होत्या आणि पिंजऱ्यात आडोसा म्हणावा असं तेवढंच होतं, म्हणून ती तिथे होती. भ्यालेलं मांजर झोपेचं सोंग घेतं. खरं झोपलेलं मांजर अंग सैल टाकतं, कुशीवर होतं, पाय लांब करतं. पुढच्या वेळी शेल्टरला जाल तेव्हा नुसते पाय बघा.

कायद्याचं एवढंच सांगते: १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११(१)(ई) सांगतं, की प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या उंची-लांबी-रुंदीच्या पिंजऱ्यात ठेवणं ही क्रूरता आहे. झोपेच्या तासांची सूट त्यात कुठे दिलेली नाही.

“खोकी-फडकी म्हणजे रोगराई”

हा मुद्दा सगळ्यात शहाणा दिसतो आणि सगळ्यात जास्त नुकसान करतो.

शेल्टरमधल्या मांजरांची नेहमीची पीडा म्हणजे सर्दी: शिंका, चिकटलेले डोळे, बंद नाक. मांजराला वास आला नाही की ते खात नाही, आणि तिथून पुढे सगळं घसरत जातं. या सर्दीमागे बहुतेकदा हर्पिस विषाणू असतो, आणि तो खोक्यातून यायची वाट बघत नाही. लहानपणी एकदा लागण झाली की तो अंगातच दबा धरून राहतो. मांजर घाबरलं, जागा बदलली, कुत्र्यांचं भुंकणं कानावर आदळत राहिलं की तो पुन्हा डोकं काढतो आणि नाका-डोळ्यांतून बाहेर पडू लागतो. म्हणून तर धडधाकट आलेलं मांजर आठवड्याभरात शिंकायला लागतं, आणि आपण म्हणतो, शेजारच्याचं लागलं. पुष्कळदा ते त्याच्याच अंगातलं असतं. उठवलेलं मात्र आपण असतं.

उत्तर अमेरिकेतल्या नऊ शेल्टरांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या पिंजऱ्यांची जमीन आठ चौरस फुटांपेक्षा जास्त होती आणि ज्या मांजरांना पहिल्या सात दिवसांत फारसं इकडून तिकडे हलवलं नव्हतं, तिथे सर्दीचं प्रमाण कमी आढळलं. दोन बाय दोनचे दोन शेजारचे पिंजरे जोडले की बरोबर त्या आठ फुटांपाशी येतो आपण.

जोडायचे कसे, हे विचारणाऱ्यांसाठी. आमच्या फॅब्रिकेशनवाल्याने मधल्या पत्र्याला गोल भोक पाडलं, थोराड बोका सहज जाईल एवढं. कडा घासून घेतल्या आणि भोकात पीव्हीसी पाईपचा तुकडा बसवला, म्हणजे पोट घासटत नाही. पाईपला एक सरकतं झाकण. एका बाजूला ट्रे, दुसऱ्या बाजूला अंथरूण आणि खाणं. सकाळी मांजर ज्या बाजूला असेल ती सोडायची, झाकण लावायचं, दुसरी बाजू पुसायची. पूर्वी मी जाड हातमोजे घालून प्रत्येकाला बखोटीला धरून बाहेर काढायचे, कॅरियरमध्ये कोंबायचे, पिंजरा धुवायचे, परत कोंबायचे. ते रोज. त्याच हातमोज्यांनी पुढच्या पिंजऱ्यात हात. स्वच्छतेच्या नावाखाली रोग मीच वाटत फिरत होते, हे कळायला मला फार उशीर झाला.

रोगराईची इतकी काळजी असेल तर आधी कोपऱ्यातली फिनेलची बाटली उचला. काळ्या फिनेलमधली फेनॉलसारखी रसायनं पचवून बाहेर टाकायला लागणारी व्यवस्था मांजराच्या यकृतात जेमतेम असते, आणि मांजर पंजे चाटतं. पांढरं फिनेल सौम्य समजून वापरू नका, त्यातलं पाइन तेलही त्यांना सोसत नाही. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू तर नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही आणि महिनोन्महिने टिकतो. त्यासाठी मांजर बाहेर काढून आधी साबणाने मळ काढायचा, मग साधारण ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट लिटरभर पाण्यात ३० मिलि या हिशोबाने, दहा मिनिटं ओलं ठेवायचं, धुवायचं, कोरडं करायचं. हे पिंजरा रिकामा झाल्यावर. रोज तेच मांजर त्याच पिंजऱ्यात असेल तर घाण झाली तेवढी जागा पुसणं पुरतं. त्याचा स्वतःचा वास तिथे राहिलेला त्याला हवा असतो.

राहता राहिलं खोकं. खोकं त्या मांजराचं, मांजर गेलं की खोकं कचऱ्यात. मे महिन्यात हापूसच्या पुठ्ठ्याच्या पेट्या मागाल तेवढ्या मिळतात. पावसाळ्यात पुठ्ठा दमट होतो, तेव्हा प्लास्टिकचा क्रेट आडवा करून त्यावर टॉवेल टाकायचा. टॉवेल उकळत्या पाण्यात धुता येतो.

“लपणारं मांजर कुणी नेत नाही”

रिकाम्या पिंजऱ्यात भिंतीला चिकटून, लोकांकडे पाठ करून बसलेलं कोण नेतं? नेदरलँड्समध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नव्या आलेल्या १९ मांजरांपैकी १० जणांना लपायला पेटी दिली, ९ जणांना दिली नाही. पेटीवाली तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत बरीच सावरली होती. चौदाव्या दिवशी दोन्ही गटांत विशेष फरक उरला नव्हता, हेही सांगायला हवं. म्हणजे पेटीशिवायही मांजर रुळतं, पण उशिरा. आणि शेल्टरमध्ये तो मधला आठवडाच महागात जातो. आमच्या करड्या भाटीने पेटीत बसून दोन दिवस जगाचा अंदाज घेतला. तिसऱ्या दिवशी ती पेटीच्या वर बसली होती.

“सगळ्यांना एका खोलीत सोडा”

मासळी बाजारामागे मांजरांचा गोतावळा दिसतो, त्यावरून हे सुचलं असावं. तो गोतावळा बहुधा मायलेकी-बहिणींचा असतो, आणि नको झालं की उठून जायला तिथे अख्खा बाजार असतो. आपण अनोळखी पंचवीस जणांना दहा बाय दहात कोंडतो. मोठ्या मांजरामागे निदान १८ चौरस फूट हवेत, हा त्याच मार्गदर्शक तत्त्वांतला आकडा. शंभर भागिले अठरा: पाच. एकमेकांशी जमणारी पाच असतील तर खुशाल सोडा, फळ्या आणि ट्रे भरपूर ठेवा.

“दोनाचा एक केला की एक मांजर मेलं”

हे वाक्य वाचून माझ्याही पोटात गोळा आला होता, म्हणून हिशोब मांडून बघितला. शेल्टरमध्ये एका वेळी किती मांजरं असतात ते दोन गोष्टींवर ठरतं: रोज येतात किती, आणि सरासरी राहतात किती दिवस. समजा रोज एक येतं. प्रत्येक चाळीस दिवस राहिलं तर चाळीस पिंजरे लागतात. वीस दिवसांत घरी गेलं तर वीस. वर्षाला मांजरं तेवढीच, ३६५. आता चाळीस दिवस का लागतात ते बघा. आठवड्यात सर्दी होते, मग औषधं, वेगळं ठेवणं. शिंकणारं मांजर कुणी नेत नाही आणि आपणही देत नाही. गर्दीमुळे आजार, आजारामुळे मुक्काम लांबतो, मुक्काम लांबला की गर्दी. पिंजऱ्यांची संख्या वाढवून हे चाक थांबत नाही.

पिल्लं फॉस्टरकडे, म्हणजे आपल्या घरी तात्पुरतं सांभाळणाऱ्यांकडे, द्या. रस्त्यावरचं धट्टंकट्टं मोठं मांजर नसबंदी करून, कानाची खूण करून जिथून आणलं तिथेच सोडा. ‘आजच घेऊन जा’ म्हणणाऱ्याला, मांजर जखमी नसेल तर, पुढच्या आठवड्याची तारीख द्या. आमच्याकडे बारा पिंजरे होते, त्यांचे सहा जोड झाले आणि पहिला महिना अवघड गेला, फोनवर शिव्याही खाल्ल्या.

रात्री साडेदहाला गाडीखाली आलेलं मांजर येतं आणि सगळे जोड भरलेले असतात, असंही होतं. तेव्हा मीही झाकण लावते आणि त्याला चार फुटांत ठेवते. वर टॉवेल टाकते आणि पिंजऱ्याला चिठ्ठी लावते: आत ठेवल्याची वेळ, आणि झाकण कधी उघडायचं ती तारीख.