नाशिक–नागपूर: ५४६ किलोमीटर आणि चाळीस मिनिटांचा हिशोब

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तक्रार अशी, की आमच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या कोटेशनवर ओझर (नाशिकचा विमानतळ) ते नागपूर हवाई अंतर ५४६ किलोमीटर लिहिलं होतं. विमान ताशी आठशेनं जातं, म्हणजे चाळीस मिनिटांत पोचायला हवं होतं. लागले एक तास चाळीस मिनिटं, लग्नाचा मुहूर्त हुकला आणि आम्ही तुम्हाला ‘फसवलं’. इतर ग्राहकही हे वाचतात, म्हणून इथेच उत्तर देतो.

५४६ चा आकडा बरोबर आहे. नकाशावर दोन विमानतळांमध्ये दोरी ताणली की येतं ते अंतर. पण ताशी आठशे हा वेग जेटचा. तुमचं विमान एटीआर-७२ होतं, पंख्यांचं. मागच्या दारानं चढलात आणि बॅगा पुढच्या बाजूनं भरल्या, आठवत असेल. ते वर पोचल्यावर ताशी पाचशेच्या आसपास जातं, आणि वर चढताना त्याहून कितीतरी हळू. नुसत्या उड्डाणालाच सव्वा तास धरा.

उरलेला वेळ जमिनीवर आणि वळणांत जातो. विमान जागेवरून हललं की तिकिटाचं घड्याळ सुरू होतं, ते नागपूरला जागेवर उभं राहीपर्यंत. ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. वारा पश्चिमेचा असला की विमान आधी उलट्या दिशेला, पश्चिमेकडे तोंड करून उडतं आणि मग नागपूरकडे वळतं. शिवाय तो तळ एचएएलचा, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचा, लढाऊ विमानांच्या चाचण्याही तिथूनच होतात. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरताना पुढे दुसरं विमान असेल तर वरच थांबायचं. विमान कंपन्या हे सगळं धरूनच वेळापत्रक लावतात. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेचा असतो, त्यामुळे जाताना थोडं लवकर पोचतात, येताना जरा जास्त लागतं.

आता मुद्द्याचं. तुमचं विमान वेळेवर उतरलं, हे तुम्हीही नाकारलेलं नाही. उतरण्याची वेळ आमच्या मुलानं प्रिंटवर पिवळ्या मार्करनं ओढून दिली होती. तुम्हीच टाकलेल्या फोटोत तो पट्टा स्पष्ट दिसतोय. मुहूर्त त्यानंतर अर्ध्या तासाचा होता, हे आम्हाला रिव्ह्यूतून कळलं. बॅग घेऊन, गाडी पकडून हॉलवर पोचायला तेवढ्यात जमत नाही. बुकिंगच्या वेळी सांगितलं असतंत तर आदल्या दिवशीचंच तिकीट काढून दिलं असतं.

खरं सांगायचं तर धंद्याच्या विरुद्ध जाऊनही आम्ही काही लोकांना विमान नको म्हणतो. सिन्नरकडचं चौघांचं कुटुंब असेल तर समृद्धी महामार्गावरून गाडी काढा, सहाशेच्या आसपास किलोमीटर, सकाळी निघालात तर दुपारी नागपुरात. रेल्वेनं साडेसहाशे, रात्रभराचा प्रवास, पण झोप होते. नाशिक शहरातून एकटा माणूस कामाला जाणार असेल तर मात्र विमानच.

भाड्याचे पैसे विमान कंपनीकडे जातात आणि प्रवास झालेल्या तिकिटाचा परतावा मिळत नाही. आमचा सर्व्हिस चार्जही परत होणार नाही, कारण जे तिकीट सांगितलंत तेच काढून दिलं.

तुमचं परतीचं तिकीट अजून बाकी आहे. त्याची तारीख बदलायची असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत फोन करा. कंपनीचा दंड आणि भाड्यातला फरक लागेल, आमचा चार्ज लावणार नाही.