नागोबा, लोणचं आणि कोल्ड रूम

बत्तीस शिराळ्याचा माणूस सापाला घाबरतो हे कोणाला पटतच नाही. सांगली जिल्ह्यातलं आमचं गाव नागपंचमीसाठी प्रसिद्ध, हायकोर्टाची बंदी येईपर्यंत तिथे जिवंत नागांची मिरवणूक निघायची, आधीपासून मडक्यांत नाग आणून ठेवलेले असायचे, बायका ओवाळायच्या आणि बाहेरगावचे लोक गाड्या भरभरून बघायला यायचे. लहानपणी मीही बघायचो, पण गच्चीवरून आणि जिन्याचं दार आतून लावून. पुढे नोकरीच्या मागे फिरत फिरत कॅनडात विनिपेगला आलो, तेव्हा सगळे थंडीची भीती घालत होते आणि माझ्या डोक्यात मात्र एकच हिशोब, की जिथे जानेवारीत उणे तीस असतं तिथे साप काय डोंबल जगणार!

जगतात. चांगले मजेत जगतात. विनिपेगच्या उत्तरेला साधारण १३० किलोमीटरवर नार्सिस म्हणून जागा आहे, तिथे जमिनीखाली चुनखडीच्या भेगा आहेत, त्यात गार्टर साप हजारोंनी हिवाळा काढतात आणि एप्रिलच्या शेवटी ऊन लागलं की वर येतात. आधी नर येऊन थांबतात, मग एकेक मादी आली की तिच्यावर डझनावारी तुटून पडतात, आणि हे बघायला लोक पोराबाळांना घेऊन, डबे बांधून जातात. सापांनी रस्त्यावर चिरडून मरू नये म्हणून हायवेखालून त्यांच्यासाठी छोटे बोगदे काढलेत. जवळच्या इनवूड गावात तर सापाच्या जोडीचा पुतळा आहे. म्हणजे मी एका शिराळ्यातून निघून दुसऱ्या शिराळ्यात येऊन पडलो होतो.

तर जानेवारीतला रविवार, बाहेर उणे सव्वीस, बायको बेसमेंटमध्ये कपडे टाकायला गेली आणि खालून अगदी शांत आवाजात म्हणाली, "अरे, जरा खाली येतोस का? तुझ्या गावचं कोणीतरी आलंय."

ड्रायरच्या मागे, भिंत आणि जमिनीच्या सांध्यात तो पडला होता. बोटाएवढा जाड, हातभर लांब, काळपट अंगावर तीन पिवळे पट्टे आणि कडेने विटकरी ठिपके. बारकाईने बघितलं तर आपल्या शेतात निघते ती नानेटीच, आणि ते काही उगाच नाही, नानेटी, दिवड आणि हा गार्टर एकाच उपकुळातले, त्यामुळे लांबचं का होईना नातं आहे. थंडीने सुस्त होता. जीभ तेवढी सावकाश बाहेर यायची, लाल, टोकाला काळी, हवेत दोनदा हलायची आणि परत आत.

मी तीन पायऱ्या वर सरकलो. बायको म्हणाली, "उचल की." मी म्हटलं, "वाइल्डलाइफवाल्यांना फोन करूया." मुलगी म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ गार्टर स्नेक, आमच्या शाळेत पण असतात." आठ वर्षांच्या पोरीसमोर इज्जत गेली की ती परत येत नाही, त्यामुळे मी ओव्हन मिट्स घातले, एका हातात जुना टॉवेल आणि दुसऱ्या हातात आइस्क्रीमची चार लिटरची रिकामी बादली (इथल्या प्रत्येक देशी घरात हिच्यात डाळ असते, आइस्क्रीम असल्याचं मी कधी पाहिलेलं नाही) घेऊन निघालो. टॉवेल टाकला, उचलला, बादलीत सोडला, झाकण लावलं. सगळं मिळून अर्धं मिनिट. एवढं होईपर्यंत त्याने मला जे द्यायचं ते दिलं होतं. गार्टर साप घाबरला की शेपटीजवळच्या ग्रंथीतून एक द्रव सोडतो, आणि त्याचा वास म्हणजे पावसात भिजलेली सुकट आठवडाभर कोणाच्या तरी बुटात राहिली तर जो येईल तो. मिट्स फेकले, टॉवेल फेकला, मी दोनदा आंघोळ केली, तरी संध्याकाळी बायको म्हणाली, तू आज जरा तिकडच्या सोफ्यावर बस.

आता पहिला विचार कोणाच्याही मनात येईल तोच, बाहेर सोडून द्या. पण उणे सव्विसात साप बाहेर ठेवणं म्हणजे फ्रीझरमध्ये ठेवणंच, काही मिनिटांत संपला. मग हा आला कुठून? तर इथली माती चिकण, पावसाळ्यात फुगते आणि कोरड्या दिवसांत आकसते, त्यामुळे जुन्या घरांच्या पायाला भेगा पडतातच. ऑक्टोबरमध्ये साप गोठणाऱ्या जमिनीच्या खाली जायला जागा शोधत असतात, भिंतीलगतची भेग त्यांना बरी वाटते, आणि मग आत गेल्यावर कळतं की इथे तर फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, चालू आहे. ऊब लागली की झोपमोड होते आणि साहेब ड्रायरपर्यंत फिरायला येतात.

वन्यप्राण्यांची देखभाल करणाऱ्या एका बाईंशी फोनवर बोललो. बाई गोड, पण त्यांच्याकडे हिवाळ्यात जागा भरलेली. म्हणाल्या, जंगली साप आहे, पाळायचा नाही, फक्त वसंतापर्यंत सांभाळायचा आणि सोडायचा. दोन मार्ग आहेत. एक, उबेत ठेवा, मग त्याला भूक लागणार, मग गांडुळं आणून घालावी लागणार. दुसरा, थंड ठेवा, पाच ते दहा अंशांत, अंधारात, वाटीभर पाणी द्या, आणि काहीही करू नका.

"काहीही म्हणजे?"

"काहीही म्हणजे काहीही. खायला अजिबात नाही. पोटात अन्न राहिलं तर थंडीत ते पचत नाही, आतच सडतं आणि साप मरतो."

गांडुळांचा मार्ग आम्ही प्रामाणिकपणे तपासला. बाहेर जमीन दगडासारखी, खणायची तर पहारसुद्धा वाकेल. गोठलेल्या नदीवर भोकं पाडून मासे धरणाऱ्यांसाठी आमिषाची दुकानं असतात, तिथे बारके मासे मिळतात, पण त्यातल्या बऱ्याच जातींत बी-वन जीवनसत्त्व नासवणारं काहीतरी असतं, तेच घालत राहिलं तर साप आजारी पडतो. सगळा विचार करून ठरलं, थंड ठेवायचा आणि काहीही करायचं नाही.

इथून खरा त्रास सुरू झाला. कारण आमच्या घरात काहीही न करणे हा प्रकार कोणाला जमतच नाही. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला तर तिने आधी पदर डोक्यावर घेतला, स्क्रीनला हात जोडले आणि म्हणाली, "नागोबा आलेत रे बाळा घरी. दूध-लाह्या ठेव."

"आई, साप दूध पीत नाही."

"तू मला सांगतोस? शिराळ्यात पन्नास वर्षं काढली मी."

"अगं, आणि हा नाग नाहीये, फणा पण नाही याला."

"लहान असेल अजून."

त्यानंतर रोज फोन, आणि फोनवर माझी चौकशी नंतर, आधी नागोबांची. काही खाल्लं का? नाही. कालपण नाही खाल्लं? नाही. अरे उपाशी ठेवलाय तू त्याला! मुलीने त्याचं नाव नूडल ठेवलं, आई नागोबा म्हणायची, बायको 'तुझं ते' म्हणायची. तुझं ते आहे ना, ते जरा बघून ये.

ठेवायचा कुठे हा दुसरा प्रश्न. घर एकवीस अंशांवर. गॅरेज उणे चौदा. मधलं तापमान दोनच ठिकाणी, फ्रीज आणि कोल्ड रूम. लोक खरंच फ्रीजमध्ये ठेवतात, रोज दार उघडून हवा बदलतात. मी हे वाक्य पूर्ण करायच्या आत बायको म्हणाली, "माझ्या फ्रीजमध्ये? श्रीखंडाशेजारी? नाही." राहिली कोल्ड रूम, म्हणजे समोरच्या पोर्चखालची ती सिमेंटची खोली, जिथे कणकेच्या गोण्या, बटाटे, कांदे, आणि मुख्य म्हणजे बायकोच्या आईने दिलेलं कैरीचं लोणचं. लांबलचक वाटाघाटी झाल्या. शेवटी असं ठरलं की लोणचं वरच्या फळीवर, साप खालच्या, आणि दोघांच्या मध्ये बासमतीचं पोतं.

प्लास्टिकचा मोठा डबा, झाकणाला क्लिपा, कारण हा प्राणी पेन्सिलीएवढ्या फटीतून निघून जातो, बाजूला भोकं, तळाला कागद आणि सुकी पानं, लपायला बुटाचा खोका, पाण्याची वाटी. एकदम थंडीत टाकायचा नसतो, त्यामुळे आधी बेसमेंटच्या गार कोपऱ्यात, मग जिन्याखाली, मग कोल्ड रूमच्या दाराशी, असं करत करत दोन आठवड्यांत आत. माझी स्वतःची व्हिसाची प्रोसेस याहून सोपी झाली होती.

मग थर्मामीटर घेतला, फोनला जोडणारा. बाहेर उणे पस्तीस झालं की कोल्ड रूम दोन अंशांवर उतरायची आणि माझा फोन ओरडायचा. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बजेटवर बोलता बोलता मी "एक्सक्यूज मी" म्हणून उठायचो आणि खाली जाऊन कोल्ड रूमचं दार चार बोटं उघडून यायचो, मग थोड्या वेळाने अकरा अंश झाले म्हणून परत बंद करायला. मॅनेजरने शेवटी काळजीने विचारलं, घरी कोणी आजारी आहे का. मी म्हटलं, नाही, झोपलंय.

वजनावर लक्ष ठेवा असं बाईंनी सांगितलं होतं, फार उतरलं तर उबेत आणावा लागतो. घरात ग्रॅममध्ये मोजणारा काटा एकच, ज्यावर बायको चकलीच्या भाजणीचं प्रमाण घेते. मी ती झोपल्यावर डब्यासकट ठेवला, डब्याचं वजन वजा केलं, काटा पुसला, जागच्या जागी ठेवला. सकाळी तिने काटा हातात घेतला, हुंगला, आणि एक शब्द न बोलता रिसायकलिंगमध्ये टाकला. नवीन काटा माझ्या पैशाने आला. जुना सापाचा झाला.

आमच्या मराठी ग्रुपवर ही बातमी कशी गेली देव जाणे, पण गेली. "तू शिराळ्याचा ना, मग काय, तुझ्या रक्तातच आहे." एकाच्या गॅरेजमध्ये रॅकून शिरला तरी मला फोन. काही जण बघायला आले, येताना कोणी नारळ आणला, एका काकूंनी डब्यावर लांबूनच हळदकुंकू वाहिलं, आणि सगळ्यांनी डब्यात डोकावून एकच प्रश्न विचारला, "मेलाय का?" कारण तो हलतच नाही. तीच तर गोष्ट आहे, तो हलला तर काळजी करायची. पाणी बदलताना जीभ दिसली की माझा दिवस बरा जायचा. आणि असं करत करत कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी मिट्स न घालता खोका उचलतोय.

मेच्या मध्यात रात्री शून्याच्या वर राहायला लागल्या. बाईंचं म्हणणं, लांब नेऊन सोडू नका, त्याला इथलीच वाट माहीत आहे. पाया दुरुस्त करणाराही नेमका त्याच आठवड्यात आला, भेग बघितली, किंमत सांगितली (ती मी इथे लिहीत नाही, आई वाचते). वर म्हणाला, भेग बुजवली तरी हे ऑक्टोबरमध्ये परत जागा शोधत येतात, मागच्या कुंपणापाशी दगडांचा ढीग करून ठेवा खोल खड्ड्यात. म्हणजे भेगेचे पैसे वेगळे आणि सापाच्या घराचे वेगळे.

उन्हाच्या बाजूला डबा आडवा केला. तो बराच वेळ खोक्यातच बसला, मग डोकं बाहेर, जीभ, परत आत, आणि मग एकदम निघाला तो गवतातून कुंपणाच्या खाली, गेला. मुलगी रडली. बायको म्हणाली, "गेलं तुझं ते," आणि तडक कोल्ड रूम धुवायला घेतली.

संध्याकाळी आईला फोन केला. सगळं सविस्तर ऐकून घेतलं, मग म्हणाली, "लांबच्या प्रवासाला निघाले, हातावर दही तरी घातलंस का?"

"आई, त्याला हात नाहीत."

"मग चमच्याने द्यायचं."