पकडीचे दात

आमच्या घरची पक्कड माझ्याहून वयानं मोठी, आणि तिचे दात मोठेबाबांच्याही आधी गेले. तिनं सुपाऱ्या फोडल्या, धुऱ्याची काटेरी तार पिळली, सांडशी सापडली नाही की चुलीवरचा चहाचा गंजही तिनंच उतरवला. आता ऐन कपाशीच्या फवारणीत पंपाच्या नळीचा पितळी नट आवळायला घेतला, की ती नुसती घसरायची. अशा नटाला खरं तर पाना लागतो. पण पाना ही वस्तू गावात कायम दुसऱ्याच्या घरी असते.

"वणीच्या बाजारातून नवीन आणा नं," बायको म्हणाली. हे ऐकून मोठेबाबांनी पान थुंकलं.

"लोखंडाले काय होते बे? भट्टीत लाल कर, नवे दात पाड."

लाल केलेलं पोलाद सावकाश निवलं की मऊ पडतं, मग नवे दात चार दिवसही टिकायचे नाहीत, असं मी समजावलं.

"मंग तुह्या शिक्षनाचा काय फायदा?"

शेजारच्या भाऊंनी मुठींवर सायकलची ट्यूब चढवून दिली. "आता करंटबी लागत नाही." दुखणं जबड्याचं, औषध पायाला! शिवाय असल्या ट्यूबच्या भरवशावर हे गृहस्थ चालू मोटरच्या पेटीत हात घालतात, म्हणून ते गेल्यावर मी ती गुपचूप कापली.

शेवटी डिझेल आणि तारेचा ब्रश घेऊन बसलो. घासता घासता निम्मे दात जागच्या जागी सापडले. ग्रीस, काळी माती आणि बहुधा सुपारी यांनी ते बुजले होते. उरलेल्यांसाठी तिकोनी कानस. तिला आधी खडू चोळायचा, म्हणजे कीस अडकत नाही. जुन्या खाचेतूनच चालवायची; पुढे जाताना दाबायची, मागे येताना उचलायची. हे उचलणं ओट्यावरच्या मंडळींना आळस वाटला. "अर्धंच घासून राह्यला पोट्टा!" त्या करकरीनं आतून माय ओरडली, "माह्ये दात शिवशिवून राह्यले नं रे!"

संध्याकाळी पकडीत कागद दाबला, तर दातांची नक्षी उमटली. ऐटीत पंपाशी गेलो, नट धरला, जोर लावला. पक्कड तसूभर घसरली नाही. पितळ मात्र मऊ. नटाचे आधीच झिजलेले कोपरे सालटासकट तिच्या दातांत आले.

मोठेबाबांनी वाकून पाहिलं.

"मंग? बस खाली. आता याचे कोपरे पाड."